खड्ड्याला एक बादली

"नळ चावतो," म्हणाल्या प्रयागबाई.
"रोज न्हाई. पाणी आलं की चावतो."

सेलूच्या त्यांच्या गल्लीत पाणी दहाव्या दिवशी येतं,
म्हणजे महिन्यातून तीनदा.
जावई म्हणाला, वहाण घालून भरा.
त्या वहाण घालून भरू लागल्या.
देवाच्या तांब्यापुरती तेवढी काढायच्या,
आणि नेमका तेव्हाच.

मी तोटीला टेस्टर लावला.
मोटार चालू, तर आत बारीक तांबडं.
मोटार बंद, तर नळ गरीब.
मोटारीच्या पोटात तार उघडी पडली असणार,
एवढं कळलं. मोटारी म्हाताऱ्या होतातच.
पण गळणारा करंट भुईत का जात नाही,
ते कळेना.

पाईपच्या मागं मागं गेलो.
मोरीतून, रांजणामागून, उंबऱ्याखालून.
जुना जीआय, गंजून शेंदरी झालेला,
आणि मोटारीची अर्थिंगची तार त्यालाच गुंडाळलेली.
सात वेढे. उलटे.

डावखुऱ्याचे वेढे.
आमच्या गावात डावखुरा वायरमन एकच होता.
दस्तगीर उस्तादांची शिडी मी आठ वर्षं धरली.
"पाईप म्हणजे घरानं भुईत घातलेला हात," म्हणायचे.
निम्मं गाव त्यांनी असंच नळाला बांधलं.
तेव्हा ते चूक नव्हतं.
तेव्हा लोखंड थेट टाकीपर्यंत जायचं
मातीखालून, कुठंही न तुटता.

दाराबाहेर दीड हात पांढरं प्लास्टिक सापडलं.
मागच्या दिवाळीत पाईप सडला,
प्लंबरनं तेवढाच तुकडा बदलला.
पाणी गेलं त्यातून.
करंट कसा जाईल?
तीस वर्षं जे मुकाट भुईला देत आला
ते हा पाईप आता
प्रयागबाईंच्या बोटांना देत होता.

मोटार उतरवून वाइंडिंगला धाडली.
परसात काळी माती उकरली, छातीएवढी खोल.
दहा किलो खडेमीठ मागितलं तर दुकानदार विचारतो,
"लोणचं घालताव का?"
तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
पाईप कानशीनं घासला उजळ लोखंड दिसेपर्यंत,
क्लॅम्प आवळला, हिरवी तार ओढली.
मोरीचा नळ, स्वयंपाकघरातला नळ, मोटारीचं बूड,
सगळे एका पट्टीवर.

"नळाला कामून तार? नळात कुठं लाईट असती?"
"नसतेच, मावशी. पण आली, तर सगळ्यांना सारखी यावी.
या हातातल्या नळात अन् त्या हातातल्या मोटारीत
फरकच उरला नाही,
तर तुमच्यातून जायचं त्याला काही कारण राहत नाही."
त्या हसल्या.
"आमच्या भाऊबंदांत लावून बघा की एकदा अशी तार."

उस्तादांचे वेढे मी सोडले नाहीत.
तांबं घासलं, आतून अजून पिवळं होतं.
त्याचं टोक नव्या पट्टीला आणून जोडलं.
फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा दिवा धरला.
भरून पेटला.

जाताना सांगायचं ते सांगितलं.
उन्हाळ्यात खड्डा वाळू द्यायचा नाही,
पंधरा दिवसाला एक बादली. सुकी माती काही घेत नाही.
त्यांनी ड्रमांकडं पाहिलं. दोन भरलेले, एक अर्धा.
"माणसाला पुरंना, अन् खड्ड्याला?"
म्हणलं, भांड्यांचं चालेल. खरकटं तेवढं गाळून घ्या.
त्या काही बोलल्या नाहीत.
मलाही वाटलं, हे व्हायचं नाही.

वैशाखात त्यांच्या शेजारी पंखा टांगायला गेलो होतो.
शिडीवरून परस दिसलं.
प्रयागबाई बादली घेऊन बसलेल्या,
तांब्या तांब्यानं कडेकडेनं पाणी सोडत.
खारी माती, गवताची काडी नाही.
शेजारीण भिंतीवरून विचारत होती,
"काय लावलंय ओ तिथं?"
"काई न्हाई," म्हणाल्या,
आणि उरलेलं ओतून
ओल्या मातीतूनच घरात गेल्या,
अनवाणी.